यादीतलं अकरावं गाव

धैर्यशीलनं भंडारा उचलला ही गोष्ट राजनंदिनीला सगळ्यांत शेवटी कळली. कळली तीही भाकऱ्या थापता थापता, भावजयीच्या तोंडून, आणि भावजयीनं ती मीठ-मिरचीच्या गप्पांत सांगावी तशी सांगून टाकली.

"शुक्रवारी सांजच्याला गावसभा झाली न्हवं," शालन तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तितं ह्यास्नी लोकांनी घेरलं. तुझी भैणच त्या समितीत हाय, तीच गाव शहरात घालवणार, म्हणून. मग ह्यांनी देवळात जाऊन भंडारा उचलला. म्हणले, माझी आक्का त्या कागदावर सही करायची न्हाय. केली तर माझ्या वंशाला लागू दे. सगळी गप झाली बघा वन्सं. आज म्हाईला येवढी माणसं येणार ती काय उगंच व्हय?"

राजनंदिनीचा हात परातीतल्या पिठातच थांबला. सही तिनं गुरुवारी दुपारीच केली होती.

कोर्टात शपथ घेऊन बिनदिक्कत खोटं बोलणारी माणसं शिंगवड्यात पुष्कळ होती. पण बिरदेवापुढची हळद, म्हणजे हा भंडारा, तळहातावर घेऊन खोटं बोलायची छाती आजवर एक सोडून कुणाची झाली नव्हती. भावकीतले बांध, फुटलेली मतं, पळून गेलेल्या पोरी, सगळ्यांचे निकाल त्या हळदीवर लागत आले होते. वरच्या आळीच्या एका तात्यानं मागं खोटी आण घेतली आणि ती उघडी पडली. त्याला कुणी शिवी दिली नाही की हात लावला नाही. फक्त गिरणीत त्याचं दळण कुणी घेईना, डेअरीत दूध कुणी मापेना, आणि बाप गेला तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना. मयत टेम्पोतून न्यावं लागलं. राजनंदिनी तेव्हा कॉलेजात होती. तो टेम्पो जाताना तिनं याच दारात उभं राहून पाहिला होता.

"वन्सं, भाकरी वाळायली," शालन म्हणाली.

राजनंदिनीनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. ती वेडीवाकडी पडली.

तीस वर्षं तिनं सरकारी तिजोरीचं अर्थशास्त्र केलं. शिंगवड्याची मराठी शाळा, मग कोल्हापुरात विद्यापीठ, मग पुण्याला पीएचडी, आणि तिथून मुंबईला वित्त विभागात. कुठल्या ग्रामपंचायतीला किती अनुदान जावं, कुठल्या नगरपालिकेनं किती कर बसवावा, याची सूत्रं तिनं मांडायची, मंत्र्यांनी सभागृहात वाचायची आणि टाळ्याही त्यांनीच घ्यायच्या. तिचं नाव कुठं येत नसे. लग्नानंतर तर तिच्या फायलींवर कुरुंदवाडचं आडनाव आलं, त्यामुळे तिचं माहेर कोल्हापूरच्या वेशीला लागून आहे हे विभागात कुणाच्या गावीही नव्हतं. शहराच्या हद्दीत कोणती गावं घ्यावीत हे ठरवायला तिघांची समिती नेमली गेली, तेव्हा तिनं अध्यक्षांना सांगितलं होतं, की विचारात असलेलं एक गाव माझं माहेर आहे, मला वगळा. अध्यक्ष हसले. "मॅडम, प्रत्येक बाईचं माहेर कुठंतरी असणारच की." राजनंदिनीनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा अहवालाच्या खाली तिचं नाव छापलं जाणार होतं. त्या नावाचा आपल्याला मोह झाला, हे ती आज पिठानं भरलेल्या हातांनी स्वतःशी कबूल करत होती.

सूत्र तिचंच होतं. शेती सोडून पोट भरणारी माणसं किती, घरं किती दाट, शहराच्या पाण्यावर गाव किती अवलंबून, याचे शंभरपैकी गुण. साठाच्या वर गेलं ते गाव शहरात. दहा गावं सरळ बसली. शिंगवड्याला एकसष्ट आले. तिनं आकडे तीनदा तपासले. चौथ्यांदा तपासताना आपण चूक शोधत नसून पळवाट शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं फाईल मिटली. यादीत शिंगवडे अकरावं गेलं. अहवाल मंगळवारी जाहीर होणार होता आणि आज रविवार होता.

"तुम्ही सही करणार न्हाईच न्हवं?" शालननं विचारलं. तिनं मान वर केली नव्हती. "न्हाय म्हंजी, आमची मोना सातव्या म्हैन्यात हाय. पयलं बाळंतपण म्हणून तिला हिकडं आणली, आन् ह्यांनी वंशाची आण घेतली. मला इचारलं सुदीक न्हाय."

"रस्सा बघ, उतू जातोय," राजनंदिनी म्हणाली.

रस्सा उतू जात नव्हता. शालननं पातेल्याकडं पाहिलं, मग नणंदेकडं पाहिलं, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

---

दुपारी बारापासून पंगती बसल्या. म्हाईला, म्हणजे बिरदेवाच्या जत्रेच्या जेवणाला, शिंगवड्यात कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. दार उघडं दिसलं की आत जायचं आणि पान वाढलं की बसायचं, हीच रीत. तरी धैर्यशील सरपंच, त्याच्या घरी म्हणून दरवर्षी शे-दोनशे माणूस जास्तच व्हायचं. आज मात्र गाव लोटलं होतं. अंगणातला मांडव पुरेना म्हणून शेजाऱ्याच्या खळ्यात पट्ट्या अंथरल्या. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, "वाढ की लेका, हात का आखडायलाईस" असा नुसता कालवा. आणि जेवून उठलेला प्रत्येक माणूस हात धुतला की राजनंदिनीच्या पाया पडायला येत होता.

पहिल्या चार-पाच जणांना तिनं "अहो, काय हे" म्हणून थोपवलं. पुढं पुढं तिनं थोपवणं सोडलं.

"आक्का, गाव राखलंस बाई," कुणी म्हणे.

"शिकल्यालं माणूस गावाला पायजेच, त्ये असं."

बाळाबाई आली ती काठी टेकत. हिच्या शेताच्या बांधावर राजनंदिनी लहानपणी बोरं वेचायची. म्हातारीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "दीड एकर हाय ग माझं, वड्याकडंला. शहरात गेलं म्हंजी त्येच्यावर बागेचं नायतर रस्त्याचं आरक्षण टाकत्यात, आसं पोरगं सांगतंय. रातभर डोळ्याला डोळा न्हवता. धैर्यानं भंडारा उचलला आन् मी झोपले बघ."

राजनंदिनीला त्या शेताचा गट क्रमांकही माहीत नव्हता. तिच्या तक्त्यात तो फक्त 'बिगरशेती होण्याजोगं क्षेत्र' या रकान्यात कुठंतरी मिसळलेला होता. शहरात गेल्यानं नळाला पाणी येईल, गटारं होतील, दवाखाना होईल, हे सगळं तिनं अहवालात लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. बाळाबाईला ते सांगायच्या ऐवजी तिनं म्हातारीची काठी नीट करून तिच्या हातात दिली. कुणी शिवी दिली असती, दगड मारला असता, तर ती ताठ उभी राहिली असती. मंत्र्यांच्या आरडाओरड्यापुढं ती तशी राहिलेली होती. पण या पाया पडणाऱ्यांची तिला अशी काही भीती वाटायला लागली, की कमरेला खोचलेला फोन वाजला की तिचा जीव अर्धा होई. मुंबईत कुणी वेळेआधी बोललं तर? एखाद्या वाहिनीला यादी मिळाली तर? इथं पाचशे माणसं मांडवात बसलेली होती, आणि निम्म्यांच्या हातात फोन होते.

ओसरीवर आई, धोंडुबाई, नवं लुगडं नेसून बसली होती. येणारा-जाणारा तिलाही नमस्कार करत होता आणि म्हातारी फुलून गेली होती. "माझ्या लेकीला मी तवाच शिकिवली. लोकं म्हणायची, पोरीला कशाला, पोरगं शिकीव. आता बगा म्हणावं."

तिच्या शेजारी खुर्ची ओढून गणपतराव बसले. हे धैर्यशीलचे सख्खे चुलते. गेल्या निवडणुकीत पुतण्याकडून पडले तेव्हापासून या घरात पाणीही प्यायले नव्हते. आज आले, पानावर बसले आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी हातात घेऊन गोड हसले. ते हसू पाहून राजनंदिनी सावध झाली.

"मुंबईस्नं कवा निघालीस, बाळ?"

"शनिवारी सकाळी, आबा."

"म्हंजी गुरवारी हापिसातच हुतीस की." त्यांनी वाटी तोंडाला लावली. "आमचा उदयसिंह असतोय न्हवं मुंबईत, ठेकेदारीच्या कामानं मंत्रालयात जात-येत असतोय. म्हणत हुता, समितीची कायतरी बैठक झाली गुरवारी. पेढं वाटलं म्हणं शेवटाला."

"बैठका होतच असतात."

"त्ये हायच की. म्या आपलं इचारलं."

मग ते उठले, मांडवाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, ऐका जरा! पुतण्यानं भंडारा उचलला, लई ब्येस झालं. पण सही भावाची न्हाय, भैणीची हाय. ती आपल्या भाग्यानं आज गावात हाय. पालखीच्या टायमाला आक्कानं बी भंडारा उचलावा. मग कुणाच्या मनात किल्मिष ऱ्हायाला नको. काय म्हणतासा?"

"व्हय, व्हय! ब्येस सुचिवलं आबांनी!" चारी बाजूंनी आवाज उठला. लोकांना त्यात वावगं काही वाटलंच नाही, उलट सण दुप्पट झाल्यासारखं वाटलं. गाव करील ते राव काय करील? वाढपी हातात पळी घेऊन उभे राहिले आणि तेही "व्हय, व्हय" म्हणाले. धैर्यशील दुसऱ्या टोकाला पाव्हण्यांना विडे देत होता. त्यानं तिथूनच हात उंचावला. "माझी आक्का एकदा न्हाय, धा येळा उचलंल!"

पालखी पाचला निघायची होती. घड्याळात तीन वाजून गेले होते.

---

राजनंदिनीनं भावाला मागच्या गोठ्यात बोलावलं. म्हशी पाण्यावर गेल्या होत्या, गोठ्यात कुणी नव्हतं. धैर्यशील घामानं निथळत आला, पण चेहरा हसरा होता.

"काय ग? आबाचं मनावर घेऊ नको. त्यो जळतोय."

"धैर्या, सही झालेली आहे."

"कसली?"

"अहवालावर. गुरुवारी. शिंगवडे यादीत आहे, अकरावं."

तो आधी हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि हसू तसंच राहिलं पण डोळे बदलले. तो हळूच गव्हाणीच्या कठड्यावर टेकला. इतका उंचापुरा माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसला.

"मला एक फोन करायचा हुतास."

"मंगळवारपर्यंत कुणाला सांगता येत नाही."

"भावाला बी?"

"आणि तू मला विचारलंस? वंशाची आण घेण्याआधी एक फोन तूही करू शकला असतास."

"भैणीला काय इचारायचं ग? भैण हाईस म्हणून तर उचलला! दुसऱ्या कुणाच्या जिवावर मी हळदीला हात लावला असता व्हय?" त्याचा आवाज चढला, मग मांडवाकडं बघून त्यानं तो गिळला. "आमचं गाव कशाला घातलंस? धा पुरी नव्हती?"

तिला वाटलं, सांगू नये. पण ती सांगून बसली. "एकसष्ट गुण आले. साठाच्या आत असतं तर सुटलं असतं. तीन वर्षांत तू माळावर बेचाळीस शेडांना परवानगी दिलीस. शेडांमागं भाड्याच्या खोल्या आल्या, कामगार आले. त्यांच्यामुळंच गाव साठाच्या वर गेलं."

"म्हंजी म्याच घालवलं?"

"घालवलं असं नाही. गाव आधीच शहर झालंय, धैर्या. मी फक्त लिहिलं."

"ल्हेलंस," तो म्हणाला. "ल्हेणाऱ्याचं काय जातंय? तू मंगळवारी मुंबईत असशील. माझ्या दारात कोण यील? त्या तात्याचा टेम्पो इसरलीस व्हय?"

ती विसरली नव्हती. सकाळपासून तिला तो टेम्पोच दिसत होता.

"मी आत्ताच मांडवात सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "शपथ तू घेतलीस ती माझ्यावरच्या विश्वासानं. चूक माझी आहे. ते लोकांना माझ्याच तोंडून कळू दे."

"येडी हाईस काय!" त्यानं तिचं मनगट धरलं. "भंडारा उचल, आक्का. मंगळवारचं मंगळवारी बघू. सरकार बदलतंय, मंत्री बदलतोय, मग तुझा कागद तेवढा बदलायचा न्हाय व्हय? धा वर्सं झाली हद्दवाढ येणार, हद्दवाढ येणार म्हणून. आली व्हय अजून?"

"आणि आली तर?"

उत्तर दारातून आलं.

"उचल तू." धोंडुबाई चौकटीला धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मघाशी ओसरीवर फुललेला चेहरा पार उतरून गेला होता. "उचल बाई. पाप माझ्या डोस्क्यावर. माझी किती वर्सं ऱ्हायल्यात, देव मला काय करायचा हाय?"

"आई, असं नसतं ते."

"कसं नसतं? तीस वर्सं सरकारसाठी कागद ल्हेलास. एकदा घरासाठी हळद उचललीस तर तुझं काय झडतंय?"

देवावर राजनंदिनीचा फारसा विश्वास नव्हता, हळदीवर तर मुळीच नव्हता. मग त्या हळदीला हात लावायला मन का तयार होत नव्हतं? मांडवातून मोनाचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी तिला पोटुशी बाई म्हणून दोन वाट्या जास्त वाढत होतं.

---

पाचला ढोल-कैताळ घुमायला लागलं. पालखी देवळापुढच्या पटांगणात येऊन थांबली आणि गाव तिच्याभोवती गोळा झालं. पुजारी पिराजी पितळेचं ताट घेऊन पुढं आला. ताटात भंडाऱ्याची रास होती आणि उन्हात ती डोळ्यांना खुपत होती. राजनंदिनी चपला काढून पुढं गेली. पायांखालची फरशी तापलेली होती. डावीकडं गणपतराव हाताची घडी घालून उभे होते. उजवीकडं धैर्यशील. त्याच्या मागं आई, शालन, आणि शालनचा हात धरून मोना.

"घ्या आक्कासाब," पिराजीनं ताट पुढं केलं. "मूठभर घ्या आन् म्हणा, सही केल्याली न्हाय, करणार न्हाय."

ढोल थांबला. राजनंदिनीनं ताटाकडं पाहिलं. घ्यावी मूठभर, म्हणावं चार शब्द, मंगळवारी संध्याकाळी मुंबईत असावं. हे किती सोपं आहे हे तिला कळलं, आणि ते सोपं आहे याचंच तिला मोठं भय वाटलं. बाळाबाई पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्याकडं बघून बोळक्या तोंडानं हसत होती.

"मी भंडारा उचलणार नाही," राजनंदिनी म्हणाली. आवाज बसका आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "उचलणार नाही, कारण मी सही केलेली आहे. गुरुवारी. आपलं गाव यादीत आहे. माझ्या भावाला हे माहीत नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून शपथ घेतली. दोष माझा आहे, त्याला बोल लावू नका."

मागं कुठंतरी एक भांडं पडलं आणि बराच वेळ घरंगळत राहिलं. मग तिला दिसलं, की कुणीच तिच्याकडं बघत नव्हतं. सगळं गाव धैर्यशीलकडं बघत होतं. शेकडो डोळे, एकाही डोळ्यात राग नाही, नुसती वाट बघितल्यासारखी नजर. टेम्पो गेला त्या दिवशी आळीतली माणसं दारात उभी राहून अशीच बघत होती. आपण सगळी भीती स्वतःची म्हणून बाळगली, आणि ती भलत्याच्याच अंगावर जाऊन पडली, हे तिला तेव्हा कळलं.

"ऐकलंसा न्हवं, मंडळी?" गणपतराव म्हणाले.

आणि धैर्यशील हसला. खदखदून, पोट धरून हसला. तिला वाटलं, भावाचं डोकं फिरलं.

"आबा, तुमी बी काय राव!" तो पुढं आला. "आवो, आक्का सरकारी माणूस हाय. तिला गुपिताची शपथ असतीया. मंगळवारच्या आत खरं बोलली तर नोकरी जातीया तिची, पेन्शन जातीया. मग काय करंल? उलटंच सांगणार की! सरकारी माणूस व्हय म्हणला की न्हाय समजायचं, आन् न्हाय म्हणला की व्हय. येवढं तुमच्या ध्यानात येत न्हाय? तिनं मला दुपारीच सांगितलंय गोठ्यात. गाव सुटलं!"

"धैर्या!" राजनंदिनी ओरडली. "लोकहो, तो खोटं बोलतोय, मी खरंच..."

पण कुणाला तिचं ऐकायचं नव्हतं. लोकांना त्याचं खरं हवं होतं. क्षणभर सगळे एकमेकांकडं बघत राहिले, मग पहिल्या रांगेत कुणीतरी मांडीवर थाप मारली. "च्या मायला, मुरलेली हाय की आक्का!" हसू फुटलं आणि मागं मागं पसरत गेलं. धैर्यशीलनं ताटात हात घातला, एक नव्हे दोन मुठी भंडारा उचलला आणि डोक्यावर धरला. "ह्यो बघा, दुसऱ्यांदा उचलतोय! माझ्या वंशाची आण, शिंगवडं शहरात जायाचं न्हाय! बिरदेवाच्या नावानं..."

"चांगभलं!"

आरोळीनं कानठळ्या बसल्या. ढोल सुरू झाला. माणसं ताटावर तुटून पडली, हळद उधळली गेली, आणि काही क्षण राजनंदिनीला पुढचं काहीच दिसेना. गणपतराव तेवढे हलले नव्हते. खरं त्यांना ठाऊक होतं, पण त्या गर्दीत ते बोलायची त्यांचीही छाती झाली नाही. चार माणसं आपल्याकडं बघतायत हे दिसल्यावर त्यांनीही हात वर केला आणि तोंडातल्या तोंडात "चांगभलं" म्हटलं.

धैर्यशीलला लोकांनी खांद्यावर घेतलं. तो तिच्यासमोरून गेला तेव्हा त्यांची नजरानजर झाली. तोंड हसत होतं. डोळे मात्र लहानपणी विहिरीत पडल्यावर त्याला वर काढला होता तेव्हासारखे विस्फारलेले होते.

आईनं तिच्याजवळून जाताना तिच्याकडं पाहिलं नाही. "भावाला दोनदा खोट्यात पाडलीस," एवढंच म्हणाली आणि पालखीमागं चालायला लागली.

---

राजनंदिनी तासाभरानं एकटीच घरी परतली. मांडवात पट्ट्या तशाच अंथरलेल्या होत्या आणि आचारी पातेली खरवडत होता. मंगळवारी इथंच राहायचं, हे तिनं वाटेत ठरवलं होतं. यादी जाहीर होईल तेव्हा या ओसरीवर आपण असायचं, जे येईल ते आधी आपल्यापाशी यावं. त्याचा काही उपयोग होईल असं तिला वाटत नव्हतं. पण मुंबईला जाऊन बातमी टीव्हीवर बघायची, हे तिच्यानं होणार नव्हतं.

आतल्या खोलीत शालन होती. ती पालखीबरोबर पुढं गेली नव्हती. पलंगावर मोठी पिशवी उघडी होती आणि तीत ती मोनाचे कपडे भरत होती. गाऊन, साड्या, बाळासाठी शिवून ठेवलेली टोपडी, दुपटी, औषधांची फाईल. मोना भिंतीला टेकून उभी होती. केसांत हळद उडालेली होती आणि चेहरा रडवेला.

"आत्या, तू तरी सांग की आईला," ती म्हणाली. "जयसिंगपूरला फोन केलाय तिनं. गाडी घेऊन या, आत्ताच्या आत्ता न्या म्हणून. पयलं बाळंतपण कोण सासरी करतं? लोक काय म्हणतील? सासू काय म्हणंल?"

"शालन, असं काय करतेस?" राजनंदिनी म्हणाली. "तिला धाडायचं काय कारण?"

शालननं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"सकाळी तुम्ही म्हणलासा, रस्सा उतू जातोय. रस्सा उतू जात नव्हता, वन्सं. मला तवाच कळलं." तिनं दुपट्याची घडी पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. "पण मी म्हणलं, बाई मोठी हाय, शिकल्याली हाय, कायतरी वाट काढंल. मग ह्यांनी दुसऱ्यांदा उचलला, पोरीच्या म्होरं. आता मंगळवारी गाव काय करायचं ते करू दे, आन् देव काय करायचा ते करू दे. मी हाय हितं. पण हिच्या पोटचं ह्या उंबऱ्याच्या आत नको."

"अगं, हळदीनं कुणाचं काही होत नसतं."

"मग मघाशी तुम्ही का न्हाय उचलला?"

कुठल्या सभागृहात, कुठल्या सचिवापुढं राजनंदिनीला असा प्रश्न आला असता तर तिच्याजवळ उत्तर होतं: मी खोटं बोलत नाही म्हणून. पण ते पुरं खरं नव्हतं. ताट पुढं आलं तेव्हा तिची नजर मोनावर गेली होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. देवळाकडून अजून ढोल ऐकू येत होता, मधूनच आरोळी उठत होती.

"आत्या, सांग की ग," मोना म्हणाली.

राजनंदिनी पुढं झाली. तिनं पिशवीची चेन लावली, एक बंद शालनच्या हातात दिला, दुसरा आपण धरला.

"चल बाळ," ती म्हणाली. "माणसं देवळातनं परत यायच्या आत निघ."